दंडावरची गेशा

या अंकाचा विषय गोंदण. सांताक्रूझच्या टॅटू स्टुडिओत आज तुळशीइतक्याच सहज गेशाचा चेहराही दंडावर उमटतो. या प्रतिमांचा वंश जपानच्या एदो काळातल्या लाकडी ठशांच्या चित्रांपर्यंत जातो. त्या काळचा चित्रकार उतामारो याने रेखाटलेल्या अनेक स्त्रिया मात्र गेशा नव्हेत, योशिवारा या वस्तीतल्या गणिका आहेत. खूण सोपी: बड्या गणिकेच्या कमरपट्ट्याची गाठ पुढे, गेशाची मागे. गेशा ही गायन, वादन, नृत्यात तयार झालेली कलावंत. खुद्द जपानने १८७२ मध्ये गोंदण्यावर बंदी घातली. ती १९४८ मध्ये उठली. परक्या प्रतिमा जरूर गोंदाव्यात, पण रेखाटनापूर्वी त्यांचा इतिहास वाचावा. कागदावरची चूक खोडता येते, कातडीवरची सहजासहजी नाही.

— संपादक