माशाचे दाट सूप आणि दुधाचा बाऊ



माशाचे मलईदार सूप म्हणजे मोठ्या हॉटेलातले, श्रीमंतांचे खाणे, असे आपल्याला वाटते. मुळात ते कष्टकऱ्यांच्या पातेल्यातले आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मच्छीमार मासे, कांदा आणि जहाजावरची कडक बिस्किटे एकत्र शिजवीत. बिस्किटे विरघळली की रस्सा दाट होई. दूध त्यात पुढे आले. पाहुणे वाढले की आपण कालवणाला ज्वारीचे पीठ लावतो, त्यातलाच हा प्रकार.

गारखेड्याला समुद्र लांब, पण गोदावरी जवळ आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. त्याच्या नाथसागरातला रोहू, कटला आपल्या ओळखीचा आहे. घेताना कल्ले लाल आणि डोळे चमकदार आहेत ना, ते पाहावे. बोटाने दाबलेले मांस लगेच वर यायला हवे. सूपासाठी डोके आणि मधला काटा पुरतो. तुकड्यांपेक्षा तो स्वस्त पडतो, आणि खरी चव त्यातच असते.

पाच माणसांसाठी साहित्य : माशाचे डोके व काटा अर्धा किलो, झिंगे पाव किलो, कांदे २, बटाटा १, लसणाच्या ८ पाकळ्या, आल्याचा तुकडा, मिरे ८, तांदूळ २ मोठे चमचे, दूध १ कप, तेल, हळद, मीठ, कोथिंबीर.

कृती : डोक्यातले कल्ले काढून टाकावेत, नाहीतर सूप कडवट होते. मीठ-हळद चोळून धुवावे. झिंगे सोलून पाठीतला काळा दोरा काढावा, पण टरफले फेकू नयेत. ती धुवून चमचाभर तेलात लाल होईपर्यंत परतावीत. त्यात कांदा, लसूण, आले, मिरे परतून डोके, काटा आणि ६ कप पाणी घालावे. मंद आचेवर अर्धा तास ठेवावे. फार वेळ उकळले तर कडवटपणा येतो. मग बारीक गाळणीने गाळावे. घरात लहान मुले असतील तर दोनदा गाळावे, काटा राहता कामा नये. काट्याला चिकटलेले मांस निवडून बाजूला ठेवावे.

गाळलेल्या पाण्यात तांदूळ आणि बटाटा अगदी मऊ शिजवून घोटावा. इथेच दाटपणा येतो, मलई विकत आणावी लागत नाही. आता मीठ, सोललेले झिंगे आणि निवडलेले मांस घालून ४ मिनिटे शिजवावे. शेवटी आच बारीक करून गरम दूध हळूहळू सोडावे आणि उकळी येऊ देऊ नये. टोमॅटो किंवा लिंबू घालू नये, दूध फाटते. वरून कोथिंबीर घालावी. भाकरी कुस्करून खाल्ली तर जेवणच होते.

आता कोणी म्हणेल, माशाबरोबर दूध? अंगावर कोड फुटेल! हा समज घरोघरी आहे, पण त्याला आधार नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की पांढरे डाग पडतात. बहुतेक वेळा शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच त्या पेशींवर उलटलेली असते. मासे-दुधाने कोड होत नाही, आणि शिवल्यानेही तो दुसऱ्याला लागत नाही. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या दूध घातलेले माशाचे सूप खाल्ले जाते. खाण्याने डाग पडले असते तर ते सगळ्यांनाच पडायला हवे होते. ज्यांना मासे, झिंगे किंवा दूध सोसत नाही त्यांनी मात्र हे खाऊ नये. ती वेगळी गोष्ट आहे.

आम्हाला काळजी पातेल्याची नाही, माणसाची आहे. मुलीच्या अंगावर डाग दिसला की, "गरोदरपणी तू काय खाल्लेस?" असे आईला विचारतात. मुलीचे ताट-पाणी वेगळे होते, जमलेले लग्न मोडते. शिवण्याने माणूस बाटतो, हे ऐकत आपल्या पिढ्या जगल्या. तेच आपल्या घरात दुसऱ्या नावाने येऊ देऊ नका. डाग दिसला तर त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जावे, उपचार आहेत. आणि त्या लेकीला आपल्या शेजारी बसवून, आपल्याच पातेल्यातले सूप वाढावे.