देवगोई घाटातली तार कोणाची?

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने ‘स्टारलिंक’ या अमेरिकी उपग्रह-इंटरनेट कंपनीशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम अशा जिल्ह्यांतील दुर्गम भागांना आणि तेथील शासकीय संस्थांना उपग्रहामार्फत इंटरनेट पुरविण्याचा त्यामागे हेतू आहे. असे पाऊल उचलणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य, म्हणून त्याचे कौतुकही झाले. कौतुकाला हरकत नाही. मात्र त्या यादीत नंदुरबारचे नाव वाचताना पंधरा वर्षांपूर्वीचा एक समारंभ आठवल्यावाचून राहिला नाही.

२९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावी देशातील पहिले ‘आधार’ क्रमांक वितरित झाले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी त्यासाठी दिल्लीहून आले होते. पुढे सरकारे बदलली, पण आधारचा पसारा वाढतच गेला. रेशन, शिष्यवृत्ती, निराधारांचे अर्थसाहाय्य, रोजगार हमीची मजुरी अशी एकेक गोष्ट त्या बारा अंकांना जोडली गेली. दलालांची साखळी त्यामुळे तुटली, हे कोणीही प्रामाणिकपणे मान्य करील. परंतु ज्या क्षणी शासनाने गरिबाचा हक्क यंत्राला जोडला, त्या क्षणी यंत्राला चालविणारी तार त्याच्या दारापर्यंत नेण्याचे उत्तरदायित्वही शासनाने स्वीकारले, असे मानले पाहिजे. ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटवल्याशिवाय धान्य नाही आणि जाळे मिळाल्याशिवाय यंत्र चालत नाही, अशा कात्रीत डोंगरातल्या माणसाला धरून ‘ही तार खासगी कंपनीने टाकावी की सरकारने’ हा वाद दिल्ली-मुंबईच्या वातानुकूलित दालनांत वर्षानुवर्षे घोळत ठेवणे, हा त्याच्यावरचा अन्यायच आहे.

टेंभलीहून पश्चिमेला, तळोदा ओलांडून अक्कलकुवा लागते. विधानसभा मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुव्याचा क्रमांक पहिला. सोयींच्या रांगेत मात्र ते नेहमी शेवटी उभे असते. तालुक्याचे गाव सपाटीवर, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावर आहे. तेथे आज कोणत्याही लहान शहरात दिसतात तेवढे मनोरे दिसतात. एस.टी. देवगोई घाट चढून मोलगीकडे निघाली की चित्र बदलते. सातपुड्यात गाव म्हणजे एका जागी वसलेली घरे नव्हेत. एका टेकडीवर चार घरे, पलीकडच्या उतारावर सहा, मध्ये ओढा. अशा विखुरलेल्या पाड्यांचे मिळून एक महसुली गाव होते. त्याच्याही पलीकडे नर्मदाकाठी मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातून सर्वप्रथम गेले ते हे गाव. तिकडे आजही सोयीचा मार्ग पाण्यातला. अशा ठिकाणी ‘ग्रामपंचायत जोडली’ या वाक्याचा अर्थ काय होतो, याची कल्पना नकाशावर रेघा मारणाऱ्यांना यावी कशी?

मी तालुक्याच्या ठिकाणी एका बँकेच्या शाखेबाहेर बसलेल्या वनवासी भगिनी पाहिल्या आहेत. सकाळीच घाट उतरून आलेल्या. दुपारी खिडकीतून उत्तर आले, ‘आज लिंक नाही.’ त्या उठल्या नाहीत. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत तशाच बसून राहिल्या. एका दिवसाची मजुरी आणि दोन वेळचे गाडीभाडे, एवढी किंमत मोजून मिळालेले ते तीन शब्द.

आता वादाकडे वळू. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले आणि शहरांत चमत्कार घडला, यात शंका नाही. ज्या फोनसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे, तो भाजीवाल्याच्या खिशात आला. परंतु नफा जेथे संपतो तेथे खासगी जाळे थांबते. त्यात दुष्टपणा नाही, तो व्यापाराचा स्वभाव आहे. अटलजींच्या सरकारने हे ओळखले होते. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात सार्वत्रिक सेवेचे बंधन आले आणि १ एप्रिल २००२ पासून कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत जमा होऊ लागली. पुण्या-मुंबईत आपण दरमहा जे बिल भरतो, त्यातला वाटा मोलगीच्या तारेसाठी बाजूला निघतो, असा याचा सरळ अर्थ. मुंबईहून दादरला आणि मुंबईहून सातपुड्यात पाठविलेल्या पोस्टकार्डाला टपाल खाते एकच दर लावते. त्याच न्यायाची ही नवी आवृत्ती होती. दुर्दैव असे की, या निधीतला मोठा हिस्सा वर्षानुवर्षे खर्चच झाला नाही. पैसा कमी पडला म्हणून तार पोहोचली नाही, ही सबब म्हणून टिकत नाही.

मग सरकारने काय केले? ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना मंजूर झाली. खर्चाचा अंदाज सुमारे २० हजार कोटी, मुदत दोन वर्षे. त्यासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र कंपनी निघाली. प्रत्यक्ष काम बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड या तीन सरकारी उपक्रमांकडे गेले. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा पुरा व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. दरम्यान योजनेचे नाव ‘भारतनेट’ झाले होते. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रासह काही राज्यांनी काम स्वत:कडे घेतले. आपल्याकडे ते ‘महानेट’ म्हणून ओळखले गेले. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून सहा लाखांहून अधिक गावे एक हजार दिवसांत जोडण्याची घोषणा झाली. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले, काम संपले नाही. आपल्या विचारांचे सरकार आहे म्हणून हे लिहायचे नाही, असा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

२०२१ मध्ये सोळा राज्यांसाठी खासगी भागीदारीचा प्रयोग झाला. सरकार १९,०४१ कोटी रुपयांची तूट भरून द्यायला तयार होते. तरीही एकही बोली आली नाही आणि निविदा गुंडाळावी लागली. ‘सरकारने बाजूला व्हावे, बाजार सारे करील’ असे सांगणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

आणि ‘सारे बीएसएनएलने करावे’ म्हणणाऱ्यांनीही एक तारीख ध्यानात ठेवावी. ३१ जानेवारी २०२० रोजी त्या कंपनीतून ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले. पगाराचा बोजा हलका झाला खरा. पण खांद्यावर तारेचे वेटोळे घेऊन पावसाळ्यात घाट चढणारा लाइनमन कोठून आणायचा? तार टाकण्याचे उद्घाटन होते, तार जोडण्याचे होत नाही. रस्तारुंदीकरणाच्या जेसीबीने किंवा दरड कोसळून ती एकदा तुटली की, पुढची सारी गावे अंधारात. कारण जुनी रचना एकाच सरळ रेषेची होती, मागून फिरून येणारा दुसरा मार्ग तिला नव्हता. २०२५ पर्यंत सुमारे २ लाख १४ हजार ग्रामपंचायती ‘सेवासज्ज’ झाल्याची अधिकृत नोंद आहे. सेवासज्ज आणि सेवा सुरू, या दोहोंत जेवढे अंतर आहे तेवढेच अक्कलकुवा आणि मोलगी यांच्यात आहे, असे म्हणावेसे वाटते.

हा घोळ केवळ आपल्याकडेच आहे, असेही नाही. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये निविदा रद्द करून राष्ट्रीय जाळ्यासाठी सरकारी कंपनी काढली. २०१३ मध्ये सत्तापालट झाला आणि नव्या सरकारने खर्च वाचविण्यासाठी घरापर्यंतच्या तंतूऐवजी अनेक ठिकाणी जुन्याच तांब्याच्या तारा वापरायचे ठरविले. २०२० मध्ये पुन्हा तंतू टाकण्यासाठी नव्याने पैसा काढावा लागला. श्रीमंत देशाला अशी चैन परवडते.

स्टारलिंकचे मोल मी नाकारत नाही. ज्या पाड्यावर खंदक खणणे अशक्य, जेथे वनखात्याच्या परवानगीतच वर्षे जातात, तेथे आरोग्य केंद्राला आकाशातून जोडणी मिळाली तर ती घ्यावी. पण आपत्तीतला आधार आणि घराचा पाया यांत भेद केला पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये युद्ध चालू असताना क्रिमियाजवळ सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती आपण मान्य केली नाही, असे इलॉन मस्क यांनी स्वत:च २०२३ मध्ये जाहीर केले. त्यांचा निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न. एका देशाने मागितलेली सेवा द्यायची की नाही, हे दुसऱ्या देशातील एक उद्योगपती ठरवू शकतो, एवढे त्यातून दिसले. उलट २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलची फोर-जी सेवा सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांच्या स्वदेशी तंत्रज्ञानावर देशार्पण झाली. उशीर झाला, तरी किल्ली आपल्या हाती राहिली.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १ लाख ३९ हजार कोटींच्या सुधारित भारतनेटमध्ये काही शहाणपणाच्या गोष्टी आहेत. तार सरळ रेषेऐवजी वलयाकार टाकायची. जो कंत्राटदार बांधील त्यानेच दहा वर्षे देखभाल करायची. घरोघरी जोडण्या देण्याचे काम गावातील उद्यमी तरुणाकडे द्यायचे आणि उत्पन्नात त्याला वाटा मिळायचा. मालकी राष्ट्राची, बांधणी खासगी हातांची, राखण गावाची. माझ्या मते वादाचे उत्तर याच दिशेला आहे. एक शब्द मात्र खटकतो. ग्रामपंचायतीपलीकडच्या गावांना जोडणी ‘मागणीनुसार’ मिळणार आहे. मागणी करायची कोणाकडे, कोणत्या अर्जावर, आणि तो अर्ज ऑनलाइन असेल तर? शिवाय पाडा म्हणजे सरकारी हिशेबात गावच नव्हे.

अक्कलकुवा अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला अधिकार दिले आहेत, त्यांचा येथे उपयोग व्हावा. आपले पाडे कोणते, याची यादी ग्रामसभेने ठरावाने द्यावी आणि तीच मागणी मानली जावी. आयटीआय झालेल्या स्थानिक तरुणांना तंतू जोडण्याचे यंत्र आणि प्रशिक्षण मिळावे. घाटाची वाट त्यांना कोणी दाखवावी लागत नाही. आणि देवगोई घाटात तार तुटल्यास ती किती तासांत जोडली जाईल, न जोडल्यास कंत्राटदाराला किती दंड होईल आणि तक्रार कोणाकडे करायची, हे मराठीत आणि भिलीत लिहिलेला फलक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे. त्यावर माणसाचे नाव आणि चालू असलेला दूरध्वनी क्रमांक असावा.