पंक्तिभेद आणि पलटण
१९४४ सालच्या ‘हॉलिवुड कॅन्टीन’ या अमेरिकन बोलपटांत नामांकित नटनट्या सैनिकांपुढें गातात, नाचतात, त्यांस वाढतात. हा केवळ पडद्यावरील देखावा नव्हता. बेटी डेव्हिस व जॉन गारफील्ड यांनीं १९४२ सालीं असें उपाहारगृह खरोखरच काढलें होतें. तेथें गणवेष हेंच तिकीट, आणि काळ्यागोऱ्यांस प्रवेश सारखाच. मरणाच्या दारीं निघालेल्या तरुणास घटकाभर हंसविणें हें हलकें काम, असें सोंवळे टीकाकार खुशाल म्हणोत. आम्हांस तें मान्य नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. ज्या लोकशाहीच्या रक्षणार्थ हें गाणेंबजावणें चाललें, तिच्याच सैन्यांत काळ्या शिपायांच्या पलटणी वेगळ्या ठेवीत. नटांनीं उपाहारगृहांत मोडलेला पंक्तिभेद सैन्यांत मोडण्याचा ट्रूमनसाहेबांचा हुकूम निघावयास १९४८ साल कां उजाडावें लागलें?