अर्ज घ्यावा, आज्ञा नव्हे

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला आणि दाखल्यांच्या अर्जांची वाट कचेरीच्या खिडकीकडून संगणकाच्या पडद्याकडे वळली. मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाचे हेलपाटे त्यामुळे काही अंशी वाचले, हे मान्य करावयास हवे. परंतु खिडकीमागचा कारकून अर्ज वाचून मगच नोंदवहीत उतरवीत असे. ते वाचण्याचे काम आता कोण करते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर डिसोझा हे आडनाव जुने आहे. रोमन लिपीत लिहिताना त्यात ‘डी’नंतर वर लटकणारे एक चिन्ह येते. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण आहे. अर्जातील मजकूर जसाच्या तसा आज्ञेला जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे निरुपद्रवी आडनाव शिरताच आज्ञा मोडते; आणि जेथे आडनावाने आज्ञा मोडते, तेथे जाणत्या भामट्याला त्याच फटीतून स्वतःची आज्ञा घुसवून साऱ्या अर्जदारांची माहिती उपसता येते. यावर ते चिन्हच निषिद्ध ठरविण्याचा सोपा उपाय योजला जातो. म्हणजे दोष प्रोग्रॅमचा आणि आडनाव बदलावयाचे अर्जदाराने!

वस्तुतः आज्ञेचा साचा आधी आणि मूल्ये मागाहून वेगळी दिली, की मूल्य हे मूल्यच राहते. हे ज्ञान नवे नाही. पीएचपी भाषेत एके काळी अर्जातील प्रत्येक रकाना आपोआप प्रोग्रॅमचा चल होऊन बसे. ती सोय २००२ मध्ये मूळ मांडणीत बंद ठेवली गेली आणि २०१२ मध्ये समूळ काढली गेली. ब्राउझरमधील तपासणीही ग्राहकाच्या हातातली, म्हणून पुरेशी नव्हे. तारकर्लीच्या निवासाचे भाडे अर्जाच्या दडविलेल्या रकान्यातून स्वीकारले, तर भाडे ग्राहकच ठरवील.

मग हे टाळले का जाते? कमी दराच्या निविदेत काळजीचा खर्च ठेकेदार वाचवितो आणि हानी अर्जदाराच्या माथी येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये सुरक्षेतील हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो जमा व्हावयाचा भारताच्या संचित निधीत. उलट, नुकसानभरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३अ वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. तेव्हा निदान देयक मंजूर करण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने अर्जाच्या प्रत्येक रकान्यात ते आडनाव, चिन्हासह, स्वतः टंकून पाहावे.