हिटनंतरचा हट्ट

'रूमर्स' (1977) हा अल्बम तडाखेबंद खपला, तेव्हा फ्लीटवुड मॅक या रॉक बँडकडून साऱ्यांना त्याचीच दुसरी आवृत्ती हवी होती. बँडचा गिटारवादक-गायक लिंडसी बकिंगहॅमला ती द्यायचीच नव्हती. 1979 साली आला 'टस्क': 20 गाण्यांचा दुहेरी अल्बम, खर्च दहा लाख डॉलरच्या वर. बकिंगहॅमने बरंच काम घरी एकट्यानेच केलं. ड्रमऐवजी टिश्यूपेपरचा खोका बडवला, मायक्रोफोन बाथरूमच्या फरशीवर ठेवून, जोर काढायच्या पवित्र्यात ओणवं होऊन गायला. शीर्षकगीतात तर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अख्खा बँड, रिकाम्या डॉजर स्टेडियमवर वाजवलेला!

खप लाखांत झाला, पण 'रूमर्स'पुढे फिका. म्हणून 'फसलेला' हा शिक्का बसला. हिशेबनिसांचा न्याय, दुसरं काय? बँडमधल्याच स्टीव्ही निक्सचं 'सारा' आणि क्रिस्टीन मॅकव्हीची मवाळ गाणी बकिंगहॅमच्या तिरपागड्या आरडाओरड्यामध्ये जास्तच खुलतात. अल्बम थोडा लांबलाय, हे खरं. तरी 'रूमर्स'पेक्षा मला तोच जवळचा वाटतो.

या अंकात अशाच दुर्लक्षित अल्बमांवर लिहिलंय. 'टस्क' मात्र आधी ऐका, आणि गाण्यांचा क्रम बदलू नका.