पंप कुणाच्या पाठीवर?

शहरात सध्या विषमुक्त भाजीचं खूळ आलंय. पिशवीवर लेबल, लेबलवर गाय. खाणाऱ्याच्या पोटात विष जाऊ नये म्हणून केवढी धडपड! फवारणाऱ्याच्या पोटात काय गेलं, ते कुणी विचारतंय?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर माणसं मेली. शेकडो दवाखान्यात पडली. कपाशी डोक्याएवढी, पंप पाठीवर, नळी वर धरायची. औषध तोंडावरच येणार. औषध म्हणे! विषाला औषध म्हणणारी भाषाही मालकाचीच. वर म्हणाले, मजुरांनी हातमोजे घातले नव्हते. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे पाहिजेत, असं १९७१ चे नियम सांगतात. रोजानं गेलेल्या भूमिहीनाला ते दिले कुणी? डब्यावरची कवटी अडाण्यालाही कळते, पण त्याच्या आधी चूल कळते.

आणि एवढं करून गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत सुखरूप. मरतात ते मित्रकिडे. ट्रायकोग्रामा नावाचा टाचणीच्या टोकाएवढा कीटक अळीच्या अंड्यातच आपलं अंडं घालतो, अळी जन्मतच नाही. एका कार्डावर असे वीसेक हजार बसतात. कार्ड पानाला टाचायचं, झालं. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून गाळली, तर शंभर लिटर फवारा होतो. तोही पाठीवरूनच मारायचा, पण त्यानं माणसं पटापट मरत नाहीत.

मग हे गावोगाव का नाही? कारण मजुराचा जीव निंबोळीपेक्षा स्वस्त आहे.

दुसरीकडे निसर्गशेतीचे महाराज. सुभाष पाळेकरांच्या अर्कांची नावं बघा: ब्रह्मास्त्र, अग्निअस्त्र. गोमूत्रात तंबाखू, मिरची, लसूण, कडुलिंब उकळायचा. त्या वाफेत उभं राहून ढवळणार कोण? मेलेलं ढोर ओढायला आमचा बाप, आता जित्या गाईचं मूत धरायलाही आम्हीच? ट्रायकोग्रामाला गाय लागत नाही, मंत्रही लागत नाही. हे विज्ञान आपलं आहे, ते या भटजींच्या हवाली करू नका.

कार्ड बनवायचं काम तालुक्यातल्या भूमिहीन पोरापोरींना द्या. निंबोळ्या वेचणाऱ्या बायांना पुरता रोज द्या. आणि जमीन! १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या मागे भूमिहीनांनी तुरुंग भरले ते जमिनीसाठीच. काय फवारायचं हे सातबाऱ्यावर ज्याचं नाव तोच ठरवतो.

तोवर एक हंगाम मालकाच्या पोरानं पंप पाठीवर घ्यावा. निंबोळी किती दिवसांत आठवते, बघू.