मुंब्र्यावर बोला, पण मुंब्र्याशीही बोला

शहरांचा अभ्यास करणाऱ्या जगभरातल्या विद्वानांवर माझे दोन आक्षेप आहेत. ते आमच्या वस्त्यांवर लिहितात, पण ते लेखन वस्तीपर्यंत येत नाही. आणि वेगवेगळ्या देशांतले हे अभ्यासक एकमेकांशीही पुरेसे मोकळे बोलत नाहीत.

‘घेट्टो’ हा शब्द पाहा. १५१६ साली व्हेनिसमध्ये ज्यूंना एका ठरावीक भागात राहण्याची सक्ती झाली. रात्री तिथली फाटके बंद होत. त्या जागेचे नाव पुढे जगभर फिरले. अमेरिकेत ते कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना लागले आणि आज जुहापुरा, मुंब्रा यांनाही सर्रास चिकटवले जाते.

२००८ मध्ये लोइक वाकां यांनी शिकागोची कृष्णवर्णीय वस्ती आणि पॅरिसच्या उपनगरांतील वस्त्या यांची तुलना करणारे पुस्तक लिहिले. या दोन्हींना एकच नाव देता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. शिकागो आणि पॅरिसच एका साच्यात बसत नसतील, तर मुंब्रा कसा बसेल? १९९२-९३च्या दंगलींनंतर जिवाच्या भीतीने मुंबई सोडलेली कुटुंबे इथे आली, हे खरेच. पण कौशातले कोकणी मुसलमान त्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहेत. कुणाला मुंबईत घर परवडले नाही, कुणाला नाव ऐकून नाकारले गेले, कुणाला नातेवाईक आणि मशीद जवळ हवी होती. गेयर आणि जाफ्रेलो यांनी २०१२ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात भारतातील अकरा शहरांतले मुसलमान आहेत. त्यातही प्रत्येक शहराची कहाणी वेगळी निघते.

शब्दांवरून एवढा वाद कशाला, असे कुणी विचारेल. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की काही बँका मुस्लिम वस्त्यांना ‘निगेटिव्ह झोन’ ठरवून कर्ज देणे टाळतात. वस्तीला चिकटलेले नाव असे थेट माणसाच्या कर्जापर्यंत पोहोचते.

आता उलट बाजू पाहा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे एकत्र बसू लागली. पुढे मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. बेलफास्टमध्ये १९६९ पासून दोन समाजांच्या मध्ये भिंती उभ्या राहिल्या. बेलफास्टच्या अभ्यासकाने भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराला काही विचारायला नको का? आजवर सिद्धांत तिकडून येतो आणि इकडून फक्त माहिती जाते. ही देवाणघेवाण नाही, ही कच्च्या मालाची निर्यात आहे.

परिषदा होतातच की, असे उत्तर मिळेल. होतात, पण व्हिसा, विमानभाडे आणि प्रवेश शुल्क ज्याला जमेल त्याच्यासाठी. आज पडद्यावर समोरासमोर बसता येते, त्यामुळे ही सबब संपली आहे. मात्र शोधनिबंध पैशांच्या कुलपात आणि चर्चा केवळ इंग्रजीत राहिली, तर दार अर्धेच उघडेल. ज्या वस्तीवर लिहिले, तिच्या भाषेत चार पानांचा सारांश द्यावा आणि तिथल्या माणसांच्या हरकतींना जाहीर उत्तर द्यावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

अर्थात सगळा दोष त्यांच्यावर टाकून आपण सुटत नाही. आपली मुले आर्किटेक्चर, समाजकार्य, कायदा शिकत आहेत. त्यांनी आपापल्या मोहल्ल्याचा इतिहास मराठीत, उर्दूत नोंदवावा: कोण कुठून आले, का आले, नळाला पाणी किती वर्षांनी आले. मग या नोंदी घेऊन जगातल्या अभ्यासकांच्या चर्चेत हक्काने शिरावे, चुकीचे असेल तिथे चूक दाखवावी. आपण गप्प राहिलो, तर आपल्या घरावरची पाटी दुसराच कुणीतरी रंगवेल आणि आपल्याला तीच वाचत बसावे लागेल.